बदलाचं कारण

बेकरीवाल्याचा फोन आला तेव्हा मी आणि दादा ऑफिसात डबे उघडून जेवायला बसलो होतो. त्याची भट्टी ठरलेल्या मर्यादेपलीकडे तापली तरी बर्नर बंद झाला नव्हता. दार उघडताना त्याचे दोन्ही हात कोपरापर्यंत भाजले. ती भट्टी चालवणारा प्रोग्रॅम आमचा. मर्यादा ओलांडली की बर्नर बंद करणारी ओळ मी लिहिली होती. दादाने स्वतःची जुनी फाईल त्यावर चढवली आणि ती ओळ पुसली गेली.

"ती 'नवीन फायनल' होती ना?" दादा म्हणाला.

आमच्या फोल्डरमध्ये 'फायनल', 'नवीन फायनल', 'खरी फायनल' आणि 'हीच घे' अशा फायली होत्या. सगळी दादाची पिल्लावळ. तिकडे माणसाचे हात भाजलेत आणि हा घास चावत विचारतोय. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

त्याच दुपारी मी व्हर्जन कंट्रोल बसवलं. काळी खिडकी, पांढरी अक्षरं, माऊसचं काम नाही. आधी त्याला आपलं नाव सांगायचं, मग कोणत्या फोल्डरवर लक्ष ठेवायचं ते सांगायचं. बदल केला की कारण लिहून कमिट करायचं, म्हणजे तो कायमचा नोंदवायचा. कारण लिहिल्याशिवाय ते पुढे सरकतच नाही. लॉग मागितला की कोणी, काय आणि का बदललं ते समोर येतं. सगळ्यात ताजं सगळ्यात वर.

"आता कोणी कोणाचं पुसलं ते लपणार नाही," मी म्हणाले.

"बारके, मी मुद्दाम नाही गं केलं."

"टाइप कर."

तो दोन बोटांनी टाइप करायला लागला. कमांड चुकली की माझ्याकडे बघायचा. मी भिंतीकडे बघायचे.

दुसऱ्या दिवशी सकाळी लॉगमध्ये वर एक कमिट होतं. माझ्या नावावर. ट्रे फिरवण्याच्या दादाच्या ओळी उडवलेल्या, आणि कारण: 'याला काहीच येत नाही.'

मला वाटलं, दादाने माझ्या मशीनवर बसून माझ्या तोंडचं लिहून मलाच टोमणा मारलाय. मी मुकाट्याने त्याच्या ओळी परत आणल्या आणि पासवर्ड बदलला. जेवून येते तर आणखी एक. 'जन्मभर याचंच निस्तरतेय.' हे मी जिना उतरताना पुटपुटले होते. जिन्यात कोणी नव्हतं.

तिसरं दादाला आधी दिसलं. त्याने स्क्रीन माझ्याकडे वळवली.

'आईने कायम याचंच कौतुक केलं.'

"एवढं मनात होतं तर तोंडावर बोलायचं," तो म्हणाला.

"मी नाही लिहिलं."

"नाव तुझं. शब्द तुझे. आईबद्दल हे दुसरं कोण बोलणार?"

खरंच, दुसरं कोणी बोललं नसतं. बेकरीवाल्याला बघून दवाखान्याच्या पायऱ्या उतरताना ते माझ्या मनात आलं होतं. नुसतं मनात. मला भीती वाटतेय असं त्याला सांगायला हवं होतं. पण तोंडातून निघालं, "खोटं तर नाही ना ते?"

दादाने बॅग उचलली. दारापर्यंत गेला, थांबला आणि परत आला.

"तू लिहिलं नाहीस म्हणतेस ना? मग समोर बसून बघू."

त्याने इंटरनेटची वायर काढली. दोन मशीनपैकी त्याचं बंद केलं. माझ्या मशीनवर मी लॉग सारखा ताजा होत राहील अशी कमांड दिली आणि कीबोर्डची वायर उपटली. कीबोर्ड मांडीवर पालथा घेऊन बसले. दादाने दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले. भर दुपारचं ऊन टेबलावर पडलं होतं. खाली कोणीतरी गाडी मागे घेत होतं, तिचं टूं टूं बराच वेळ चाललं. मग तेही थांबलं.

"बघ," दादा म्हणाला, "कोणी हात लावला नाही की..."

लॉग एका ओळीने खाली सरकला.

नाव दादाचं होतं.

बर्नर बंद करणारी माझी ओळ उडाली होती.

कारण: 'हिच्या अंगावर येऊ दे, मग कळेल.'

दादाचे हात गुडघ्यांवरच होते.

"मी नाही लिहिलं," तो म्हणाला.

"माहीत आहे. मनात आलं होतं का?"

त्याने कीबोर्डची सुटलेली वायर हातात घेतली.

"कधी आलं होतं, दादा? बेकरीवाल्याचा फोन यायच्या आधी की नंतर?"

तो ती बोटांना गुंडाळायला लागला. गुंडाळत राहिला.

मग मी बोलले. त्यानेही काही बाकी ठेवलं नाही. वडिलांचं आजारपण, माझं मोडलेलं लग्न, त्याने कधी न म्हटलेलं सॉरी, सगळं निघालं. स्क्रीनवर लॉग भराभर सरकत होता, पण दोघांपैकी कोणीच तिकडे बघत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी आम्ही आलो तेव्हा घसे बसलेले होते. रागवायलाही अंगात त्राण नव्हतं. मी बर्नरची ओळ पुन्हा लिहिली, दादाने ती मोठ्याने वाचून तपासली, आणि नवा प्रोग्रॅम भट्टीवर चढवून आलो. मग जुना सगळा इतिहास आम्ही दोघांनी मिळून पुसला. फोल्डर नवा केला. व्हर्जन कंट्रोल पहिल्यापासून सुरू केलं. या वेळी नाव कोणीच सांगितलं नाही. काही कमिटही केलं नाही.

"लॉग माग," दादा हळूच म्हणाला.

अजून एकही कमिट नाही, एवढंच उत्तर यायला हवं होतं.

एक होतं. नावाची जागा कोरी होती. कारण लिहिलं होतं: 'गप्प का झालात?'