नीरफणसाच्या पानांची चादर

"सुईला हात लावू नकोस."

तेरेआपी एवढंच म्हणाली, आवाजही चढवला नाही. पण व्हरांड्यात चटईवर गोल करून बसलेल्या सगळ्या बायकांचे हात जागच्या जागी थांबले. त्या दिवशी तिच्या अधू डोळ्यांना सुईचं नेढं दिसेना, म्हणून तिने सुई थोरल्या मुलीकडे, अकाइतीकडे, ओवायला दिली होती. अकाइतीने दोरा ओवला आणि ती परत देता देता... कसं कोण जाणे, तिच्या हातून हिरव्या पानाच्या टोकाशी एक टाका घातला गेला. एकच! तिला वाटलं, आईला आता कुठे दिसतंय. पण तेरेआपीची बोटं डोळ्यांपेक्षा तिखट होती. तिने बोटाने टाका चाचपला, कात्री मागितली, तो कापला आणि दोऱ्याचा तुकडा ओढून काढून व्हरांड्याखाली टाकला.

"चहा आण," ती म्हणाली.

अकाइती उठली. मान मात्र तिने खाली घातली नाही. ती आत गेली, किटली ठेवली आणि वाफेकडे तोंड करून उभी राहिली, म्हणजे डोळे का ओले झाले हे कुणी विचारलंच तर सांगायला कारण राहील. बावीस वर्षं ती या घरात सुया ओवत होती, चहा देत होती, गादीखाली पडलेल्या टाचण्या शोधून देत होती. पण आईच्या तिवाएवाएवर टाका घालायची तिला बंदी होती.

तिवाएवाए म्हणजे आमच्या रारोतोंगा बेटावरच्या बायकांचा जीव. पांढऱ्या कापडावर रंगीत कापडाची पानंफुलं टाचून शिवलेली ही चादर एकटीने शिवायची नसते आणि कधी म्हणजे कधीच विकायची नसते. ती लग्नात द्यायची, मुलाचे पहिले केस कापताना त्याच्या आसनावर घालायची, नाहीतर आपलं माणूस देवाघरी निघालं की त्याच्याभोवती गुंडाळायची. ज्या बाईने तिवाएवाए विकली, तिने आईचं दूध विकलं असं आमच्याकडे म्हणतात. आणि तेरेआपीची पक्की समजूत होती की तिच्या हातची सर्वांत देखणी चादर, पांढऱ्यावर हिरव्या नीरफणसाच्या पानांची, तिच्याच थोरल्या लेकीने विकून टाकली होती.

समजुतीला कारणही तसंच घडलं होतं. बावीस वर्षांपूर्वीही अकाइती समुद्राकाठच्या हॉटेलात चादरी धुवायच्या कामाला होती. तिथे उतरलेली एक परदेशी बाई घरी आली होती, नीरफणसाच्या चादरीवरून हात फिरवत राहिली होती, किंमत विचारत होती. तेरेआपीने तिला हसून चहा पाजला आणि वाटेला लावलं. मग तेरेआपी आणि तिचा नवरा तिच्या आजारी आईला भेटायला जहाजाने मांगाइया बेटावर गेले. परत आले तो पेटी रिकामी, आणि ती बाई विमानाने निघून गेलेली.

"कुठे गेली चादर?"

"दिली," अकाइती म्हणाली.

"कुणाला?"

त्यावर ती जी गप्प बसली ती बसलीच. बापाने विचारलं, आईने विचारलं, आईने तर एकदा पायही धरले... अकाइतीच्या तोंडून शब्द निघाला नाही. तेव्हा तेरेआपीने घरातली गोष्ट घरातच ठेवली, धाकटी मेरेआना नर्सिंग शिकायला ऑकलंडला निघाली होती तिच्याही कानावर घातली नाही, आणि थोरलीला मात्र सुईपासून तोडलं. गावातल्या बायकांनी काय ते ताडलं. बायकांना ताडायला कितीसं लागतं.

आणि मग कोरोनाचं ते वर्ष आलं. आजार आमच्या बेटावर पोचला नव्हता, पण विमानं थांबली. हॉटेलं ओस पडली, अकाइतीच्या हॉटेलाला कुलूप लागलं. पहिल्यांदा सगळे घाबरले, मग लोकांनी गुडघाभर गवत माजलेल्या अळूच्या वाफ्यांत पुन्हा पाय घातले. जो मासे पकडी तो शेजाऱ्याच्या कुंपणावर दोन टांगून जाई, ज्याच्या झाडाला नीरफणस लागले तो ते दुसऱ्याच्या पायरीवर ठेवून जाई. अकाइतीने परसात अळू लावला, कोंबड्या पाळल्या, आणि जन्मात पहिल्यांदा भरदिवसा समुद्रात पोहली.

"बघा गं, आपला समुद्र आपल्याला परत मिळाला," शेजारची तुंगाने म्हणायची. "इतकी वर्षं पाहुण्यांच्या पाठी बघून बघून मी समुद्राचा रंगच विसरले होते."

तुंगानेची जीभ सुईहून तीक्ष्ण. त्या दिवशी टाका उसवला गेला तेव्हा तीच बोलली, "काकू, विमानं बंद आहेत. आता कुणाला विकणार ती? एक टाका घालू दिला असता तर आभाळ कोसळलं असतं का?"

"तू तुझं पान शिव," तेरेआपी म्हणाली.

ही नवी चादर तीच होती, नीरफणसाच्या पानांची. मेरेआना ऑकलंडच्या एका रुग्णालयात त्याच आजाराच्या लोकांची सेवा करत होती आणि म्हातारीचा ऊर अभिमानाने भरून आला होता. सीमा उघडली की मेरेआना घरी येईल, आणि आई स्वतःच्या हाताने तिच्या खांद्यावर ती घालेल. येणाऱ्याजाणाऱ्याला ती सांगे, "माझी धाकटी तिकडे मरणाशी झुंजतेय." थोरली तिथेच कप विसळत असे. तिलाही बहिणीचा अभिमान होता, आईपेक्षा काकणभर जास्तच. कारण त्या अभिमानाला काय किंमत पडली होती ते फक्त तिलाच ठाऊक होतं.

दर शनिवारी संध्याकाळी मेरेआनाचा फोन येई. ऑगस्टमध्ये ऑकलंड पुन्हा बंद झालं, त्यानंतरच्या शनिवारी बायका घरी गेल्यावर अकाइतीने फोन किटलीला टेकवून आईसमोर ठेवला. मेरेआनाच्या गालांवर मास्कचे वळ उठले होते.

"आई, जेवलीस का?"

"जेवले. नारळाच्या दुधातली अळूची पानं. तू किती वाळलीस गं! थांब, तुला एक दाखवते." तेरेआपीने अर्धवट चादर उचलून धरली. "तुझ्यासाठी. सगळे म्हणतात, पहिलीपेक्षा उजवी झालीय."

"पहिली कुठली?"

"तुला कधी सांगितलं नव्हतं," तेरेआपी म्हणाली आणि मागे न बघता हाताने स्वयंपाकघराकडे खूण केली. "अशीच होती. मी मांगाइयाला गेले होते तेव्हा तुझ्या बहिणीने विकली. हॉटेलातल्या बाईला."

अकाइती दारातून धावत आली. "आई, पुरे. तिला झोपायचंय, तिला ड्यूटी आहे..." तिने फोनकडे हात नेला.

"ताई, हात काढ," मेरेआना म्हणाली. "आई, पांढऱ्यावर हिरवी? पानांच्या कडेला दुहेरी टाका?"

"तू कधी पाहिलीस? तुझ्या जन्माआधी शिवलेली, त्या बाईला दाखवायलाच काय ती पेटीतून..."

मेरेआना तोंडावर हात धरून रडू लागली. रोज माणसं मरताना पाहून न रडणारी ती नर्स लहान पोरीसारखी रडली. "ती विकली नाही आई. ती माझ्या बाळाभोवती आहे."

आणि मग तिने सगळं सांगितलं. ती एकोणीस वर्षांची होती, लग्न झालेलं नव्हतं, वडील चर्चचे मानकरी, म्हणून सैल कपड्यांखाली तिने पोट लपवलं होतं. आईवडील मांगाइयाला गेलेले असताना, रविवारी, सगळं गाव चर्चमध्ये गात असताना तिला वेळेआधीच कळा लागल्या. समोरच्या घरातली म्हातारी सुईण आणि अकाइती, दोघीच जवळ होत्या. मुलगी झाली, पण तिने श्वास घेतला नाही. सुईणही पुढे वारली आणि गुपित बरोबर घेऊन गेली.

"मी अर्धवट शुद्धीत होते. ताईने बाळाला उचललं तेव्हा तिच्या हातातून हिरवी पानं लोंबताना मला दिसली. मला वाटलं, स्वप्न असेल. मी कधी विचारलं नाही... तिने माझ्यासाठी एवढं सोसलं, आणि मला ठाऊकच नाही!"

तेरेआपीचा हात चादरीवर तसाच राहिला. मग ती अकाइतीकडे वळली.

"तू विकली नव्हतीस?"

"नाही, आई."

"मग बोलली का नाहीस?"

"तिला शब्द दिला होता."

"मलासुद्धा नाही? तुझ्या आईला?"

"तू बाबांना सांगितलं असतंस," अकाइती म्हणाली. तिच्या आवाजात तक्रार नव्हती. "बाबांनी तिला चर्चमध्ये सगळ्यांसमोर उभं केलं असतं. मग ती कुठली ऑकलंडला जाते आणि कुठली नर्स होते."

तेरेआपीने खोटं बोलून स्वतःला वाचवलं नाही. "हो. सांगितलं असतं," ती म्हणाली. "पण तीच चादर का घेतलीस? पेटीत दुसऱ्या होत्या."

"आपलं माणूस जाताना घरातलं सर्वांत चांगलं द्यायचं, हे मला कुणी शिकवलं?" अकाइतीने विचारलं. "ती तुझी पहिली नात होती, आई. मी तिला साध्या पंच्यात कशी पाठवू?"

म्हातारी उठली. काठी न घेताच अंगणात निघाली, अकाइती मागून धावली. आमच्याकडे आपली माणसं घरासमोर अंगणातच विसावतात. तिथे आजोबांच्या कबरीचा ओटा होता, आता वडिलांचाही होता, आणि आजोबांच्या पायाशी अनंताचं एक दाट झुडूप होतं. त्या कोपऱ्यात अकाइती कधी कुणाला डुक्कर बांधू देत नसे, गवतही स्वतःच्या हाताने उपटत असे. तेरेआपी झुडपापाशी जाऊन थांबली.

"इथेच?"

"इथेच."

दर रविवारी अकाइती याच झुडपाचं ताजं फूल आईच्या कानामागे खोवायची आणि मग दोघी चर्चला जायच्या. तेरेआपीला ते आत्ता आठवलं. ती मातीवर बसली. "म्हणजे दर रविवारी तू तिला माझ्याबरोबर..."

"तिलाही आजीबरोबर जावंसं वाटत असेल ना," अकाइती म्हणाली.

तेव्हा तेरेआपी रडली. नवरा गेला तेव्हा चारचौघांत न रडलेली ती मानी बाई मातीत बसून लेकीच्या पोटाला डोकं लावून रडली, आणि अकाइती तिच्या पांढऱ्या केसांतून हात फिरवत राहिली. बावीस वर्षांत आईने तिला असं धरलं नव्हतं.

"नाव ठेवलं होतंस तिचं?"

"तुझंच. तेरेआपी."

आत किटलीला टेकलेल्या फोनमधून मेरेआनाच्या हाका येत होत्या. दोघी परत आल्या तेव्हा ती डोळे पुसून बसली होती. "आई, ऐक. मी आता काही एकोणीसची नाही. माझ्या नवऱ्याला मी आजच सांगणार आहे, तू गावाला सांग. चर्चमध्ये सांग हवं तर. आणि ती चादर मला नको. ती कुणाची आहे हे तुला कळलंय."

सोमवारी बायका आल्या तेव्हा चटईवर तेरेआपीच्या उजव्या हाताला अकाइती बसलेली होती. तुंगानेने एकदा इकडे बघितलं, एकदा तिकडे, आणि कधी नव्हे ती काहीच न बोलता तिच्यापुढे दोऱ्याची रिळं सरकवली. इतकी वर्षं हॉटेलच्या चादरींच्या घड्या घालणारे ते हात. ते टाका विसरले नव्हते. पावसात, उन्हात, अळूची काढणी सांभाळून त्या शिवत राहिल्या. हसल्या खूप. तुंगानेने तर जाहीर केलं की पाहुणे परत आले तरी चटई उचलायची नाही, त्यांनाच चहा करायला बसवायचं. म्हातारी आता शिवत नव्हती, टाक्यांवरून बोटं फिरवून म्हणायची, "हा तुंगानेचा, वाकडा. हा अकाइतीचा."

नोव्हेंबरात चर्चच्या सभागृहात वर्षभराच्या चादरी मांडल्या. भिंती रंगांनी भरून गेल्या. आमच्यात चादरीच्या मालकिणीने उभं राहून कुणी कातरली, कुणी शिवली, कुणासाठी, हे सांगायचं असतं. तेरेआपीचं नाव पुकारलं. नीरफणसाची पानं बघून म्हाताऱ्या बायकांना जुनी चादर आठवली असणारच. तेरेआपी अकाइतीचा हात धरून उभी राहिली, कानामागे अनंताचं फूल होतं.

"माझ्याविषयी गावात एक गोष्ट कुजबुजली जाते, आणि तिला कारण मीच," ती म्हणाली. "म्हणून मीच सांगते. माझ्या घरातली एकही तिवाएवाए कधी विकली गेलेली नाही. पहिली माझ्या पहिल्या नातीच्या अंगावर आहे, माझ्या अंगणात. मेरेआनाची मुलगी ती, माझ्याच नावाची. तिला ती माझ्या थोरलीने दिली. मी घरी असते आणि मला तिच्याएवढी अक्कल असती, तर मीही तीच दिली असती. धाकटीने माणसं वाचवली म्हणून तुम्ही माझं कौतुक करता. धाकटीला वाचवलं ते हिने. ही चादर हिची. माझी मुलगी, अकाइती."

मागच्या बाकावरून तुंगानेने गाणं उचललं आणि बायकांनी ते एकेक करून धरलं, सभागृह दुमदुमून गेलं. अकाइती ताठ उभी होती, गालांवरून पाणी वाहत होतं आणि तिला ते पुसावंसंही वाटत नव्हतं.

गाणं संपल्यावर तेरेआपी चादरीजवळ गेली. बोटांनी चाचपत चाचपत एका पानाच्या टोकाशी थांबली. सगळी चादर पुरी झाली होती, तेवढी एकच जागा उघडी होती. आपण टाका उसवला ती जागा तिने कुणालाही शिवू दिली नव्हती.

"हा तुझा राहिलाय," ती म्हणाली आणि सुई लेकीपुढे धरली.

अकाइतीने दोरा ओवला आणि सगळ्या गावासमोर तो टाका घातला. तेरेआपीने त्याच्यावरून एकदा बोट फिरवलं, आणि मग चादर उतरवून लेकीच्या खांद्यावर घातली.