गाळलेला आवाज

किटलीचं बटण टक् करून उडालं, तेव्हा कुठे स्वयंपाकघरातला अबोला मोडला. मोराग आणि तिचा थोरला भाऊ रॅनल्ड लॅपटॉपसमोर गाल फुगवून बसले होते.

कॅनडातल्या केप ब्रेटन बेटावरच्या या घरात, याच टेबलाशी बसून त्यांची आई इशबेल फिडल, म्हणजे व्हायोलिन, वाजवायची; पाय जमिनीच्या फळ्यांवर ठेका धरायचा. मोरागची लेक उना जन्मायच्या आदल्या वर्षी ती गेली. मागे राहिल्या तिच्या वादनाच्या कॅसेटी. लेक झोपली की मिळेल तेवढ्या वेळात मोरागने त्या एकेक करून संगणकावर फ्लॅक फायलींत उतरवल्या. आवाज जसाच्या तसा, पण फायली अवाढव्य. कॅसेटींच्या फिती तर पुढे बुरशीने तुटूनच गेल्या.

"सगळ्यांचं एमपीथ्री झालंय," रॅनल्ड म्हणाला. "एवढ्याशा फायली, कुणाच्याही फोनवर मावतील. आता मोठ्या पुसून टाकतो."

"हात तर लावून बघ!"

"अगं, कानाला कळत नाही तेवढंच गाळतं ते."

"आई म्हणजे काय चहा आहे, गाळायला?"

"बरं बाईसाहेब, मीट डोळे, ऐक आणि ओळख मोठी कुठली, छोटी कुठली."

तिने अंदाज केला आणि चुकली. पुन्हा चुकली. तो खो खो हसला. तिच्या कानाच्या पाळ्या तापल्या.

"थांब. तू काय फेकतोयस ते तुलाच ऐकवते."

तिने एकाच सुरावटीच्या दोन्ही फायली, मोठी आणि छोटी, एकमेकींवर ठेवल्या आणि एकीची ध्वनिलाट उलटी केली. दोन्हींत सारखं असेल ते एकमेकाला खाऊन टाकतं. उरतं ते फक्त गाळलेलं.

नुसती खरखर. चाळणीतून वाळू पडावी तशी.

"ही वाळू जपायचीय तुला?" रॅनल्ड म्हणाला.

मग खरखरीतून पायाचा ठेका आला. फिडल नाही, फक्त पाय. तो थांबला. खुर्ची सरकली, आणि थोडी धाप लागलेला बाईचा आवाज म्हणाला, "भूक लागली का गं?"

"नाही," खाली बसून चित्र रंगवणारी चार वर्षांची उना म्हणाली. "मी बॅनक पाव खाल्ला."

खरखर. पलीकडे कोणीतरी ऐकून घेत असावं, तेवढाच वेळ.

"काकवी लावून?"

"हो."

रॅनल्डचं हसू मावळलं. "हे मूळ फाइलमध्ये नाहीये, मोराग. मी ऐकलीय ती."

"तू ऐकतोस कधी कुणाचं?" मोराग कडाडली. "सहा महिने मी जीव ओतला, आणि तू—"

"मी पुसतोय. आत्ताच्या आत्ता."

"खबरदार!" तिने त्याचा हात झटकला. "एकदा गेली तेवढं पुरे झालं."

त्याने लॅपटॉप खाडकन मिटला.

खरखर थांबली.

उनाची मान मात्र तिरकीच राहिली. ती ऐकत होती. मग तिने खडू बाजूला सारले आणि सरकून शेजारी जागा केली.

"आई, पुसल्यावर मी कुठे जाऊ, असं विचारतेय ती. काय सांगू?"