बेचाळीस गावं आणि एक्केचाळीस नंबरची पेटी

आजोबांनी आवळेवाडीला फोन लावला आणि तो चिंचोशीत वाजला.

"आवळेवाडीचे नाना ना?" असं विचारलं, तर पलीकडून एक बाई म्हणाल्या, "न्हाई ओ डॉक्टरसाहेब, मी चिंचोशीची पारूबाई." आजोबांनी उंबरपाड्याला फोन लावला. तो डहाळेवाडीच्या माणसानं उचलला. तिसरा कुसगावला लावला, तर भलत्याच गावचे एक गृहस्थ भेटले आणि जेवणावरून उठवलं म्हणून चिडले.

"टेलिफोन कंपनीची डोकी फिरली आहेत," आजोबांनी निकाल दिला.

ऋजुता समोरच बसली होती. बारा वर्षांच्या मानानं तिच्याकडे बराच संयम होता, पण तो आता संपत आला होता.

"आजोबा, तीनही फोन व्यवस्थित लागले. फक्त माणसं चुकीची निघाली. फोन नाही, तुमची यादी बिघडलीय."

"माझी यादी पंचवीस वर्षं चालते आहे," आजोबा म्हणाले. त्यांनी असं म्हटलं, की मग पुढे बोलण्यात अर्थ नसतो, हे घरात सगळ्यांना माहीत होतं.

डॉ. रघुवीर टिळेकर हे निवृत्त कीटकशास्त्रज्ञ. सन २०५२ मध्ये रानातल्या मधमाश्या इतक्या कमी झाल्या होत्या, की शेतकरी फुलोऱ्याच्या दिवसांत त्यांच्याकडून मधमाश्यांच्या पेट्या भाड्यानं नेत. माश्या या फुलातले पराग त्या फुलावर नेत (याला परागीभवन म्हणतात) आणि मग डाळिंब धरे, सूर्यफूल भरे. अट एकच होती. शेतात औषध फवारायच्या आदल्या संध्याकाळी, माश्या घरी परतल्या की पेटीचं दार बंद करून ती परत आणायची. नाहीतर सकाळी पेटीत मेलेल्या माश्यांचा खच पडलेला असे.

म्हणून आजोबांची पद्धत अशी, की फवारणीच्या आदल्या दिवशी दुपारी प्रत्येकाला स्वतः फोन करायचा. संदेश पाठवलेला त्यांना चालत नसे. माणसाशी माणसानं बोलावं, असं त्यांचं म्हणणं.

आज दुपारचे दोन वाजले होते. उद्या पहाटे काही शेतांवर फवारणी होती, आणि त्यांतल्या एका शेतावर एक्केचाळीस नंबरची पेटी होती. ती ऋजुताची होती; या हंगामात कुठल्या शेतकऱ्यानं नेली, याची नोंद मात्र फक्त यादीतच होती. शाळेच्या जिन्याखाली बसलेलं मोहोळ कुणी जाळू नये म्हणून तिनं आजोबांना बोलावून ते पेटीत भरून घेतलं होतं, आणि दोन वर्षं ती त्या माश्यांना सांभाळत होती.

तेवढ्यात दाराशी गाडी थांबली. सातू आला. सातू हा पेट्या वाहणारा यंत्रमानव, अतिशय आज्ञाधारक आणि म्हणूनच डोकेदुखी.

"मी बोरखेड्याला जाऊन आलो," तो म्हणाला. "यादीप्रमाणे एक्केचाळीस तिथे आहे. प्रत्यक्षात नाही. यादी बरोबर आहे. बोरखेडे चुकलं आहे."

"अरे, गाव कसं चुकेल?" ऋजुतानं कपाळावर हात मारला आणि आजोबांचा जुनाट संगणक स्वतःकडे ओढला.

यादी स्प्रेडशीटमध्ये होती (आडव्या ओळी आणि उभे रकाने असलेला संगणकातला तक्ता). एका ओळीत एक शेत. पहिल्या रकान्यात गाव, मग फोन, मग पेट्यांचे नंबर, मग फवारणीची तारीख. ऋजुता गावांची नावं वर-खाली पाहत राहिली. आवळेवाडी, उंबरपाडा, कुसगाव, कोळथरे...

"ही बाराखडीप्रमाणे कधी लावलीत?"

"आज सकाळी, पहिल्यांदाच. गाव पटकन सापडत नव्हतं. नावांचा रकाना निवडला, लाव म्हटलं, लागला. हेच तर या तक्त्याचं सुख आहे."

"आणि तेव्हा संगणकानं काही विचारलं नाही?"

आजोबांनी जरा आठवलं. "शेजारचे रकाने पण बरोबर हलवू का, असं काहीतरी. मी नाही म्हटलं. मी त्याच्या कुठल्याही प्रश्नाला नेहमी नाहीच म्हणतो. ऊठसूट प्रश्न विचारतो मेला."

ऋजुतानं डोळे मिटून घेतले. मग तिनं शक्य तेवढ्या शांतपणे सांगायला सुरुवात केली.

"आमच्या वर्गात बाकांवर आधी सगळ्यांची दप्तरं ठेवलेली आहेत असं समजा. बाईंनी मुलांना उंचीप्रमाणे नवीन जागा दिल्या, पण दप्तरं जिथल्या तिथे राहिली. आता माझ्यासमोर दुसऱ्याचंच दप्तर. वर्ग दिसायला मात्र एकदम शिस्तीत. तसंच झालंय. नावं हलली, फोन, पेट्या, तारखा तिथेच राहिल्या. आणि तक्ता ओरडत नाही, आजोबा. तो चुकीचाही तितकाच नीटनेटका दिसतो."

"मग मागे फिरव की."

"तुम्ही जेवायला जाताना तक्ता जतन करून संगणकच बंद केलात, आता मागे जाता येत नाही. आणि जुनी प्रत?"

जुन्या प्रती चार होत्या. एकीचं नाव 'पेट्या', दुसरीचं 'पेट्या नक्की', तिसरीचं 'पेट्या नक्की नवीन' आणि चौथीचं 'हीच वापरणे'. चारही गेल्या हंगामातल्या. ऋजुताला रडू यायला लागलं होतं आणि त्याचा तिला आणखीनच राग येत होता.

पण मग तिच्या लक्षात आलं. हललेली होती फक्त नावं. एक्केचाळीसच्या ओळीतला फोन अजून एक्केचाळीसचाच होता, तारीखही तिचीच.

"नावं विसरा," ती म्हणाली. "आता तुमच्या तक्त्याचं खरं सुख बघा." तिनं फक्त उद्याची तारीख असलेल्या ओळी मागितल्या. बेचाळीसमधल्या सहा ओळी डोळ्याचं पातं लवायच्या आत समोर आल्या. वही असती, तर पानं उलटण्यात अर्धा तास गेला असता. "या सहा नंबरांवर फोन करा आणि विचारा, तुम्ही कोण, गाव कोणतं."

"मी विचारू? मी या माणसांना पंचवीस वर्षं ओळखतो."

"विचारा, आजोबा."

आजोबांनी विचारलं. पाच जणांनी गाव सांगितलं, संध्याकाळी पेटीचं दार स्वतः बंद करून ठेवायचं कबूल केलं, आणि सातू गाडी घेऊन निघालाही. सहावा फोन बंद होता. तो एक्केचाळीसचा होता.

पाच वेळा लावला, बंदच. साडेतीन वाजले. ऋजुता खिडकीशी जाऊन उभी राहिली. आजोबांनी तिच्या पाठीकडे पाहिलं, चष्मा पुसला आणि न सांगता पुढचा नंबर फिरवला.

"नमस्कार, मी टिळेकर. माफ करा, आपण कोण बोलताय? गाव कोणतं?"

उरलेले छत्तीसच्या छत्तीस फोन त्यांनी केले. कुणी हसलं, कुणी "डॉक्टर, तब्येत बरी हाय न्हवं?" म्हणून चौकशी केली. ऋजुता बेचाळीस गावं कागदावर उतरवून सापडलेल्या एकेका नावावर काट मारत गेली. पावणेसहाला कागदावर एकच गाव उरलं, डोंगरगण. ऋजुतानं सातूला आधी तिकडे वळवलं.

सूर्य टेकला होता तेव्हा सातू डोंगरगणच्या डाळिंबाच्या बागेत पोचला. शेवटच्या माश्या आत शिरल्या आणि त्यानं दार बंद केलं. एक्केचाळीस घरी आली. ऋजुतानं पेटीला कान लावला. आत नेहमीसारखी गुणगुण चालू होती. आता मात्र ती खरंच रडली.

"तक्ता टाकून देऊ या का?" आजोबांनी हळूच विचारलं.

"नको. निवडायला, बेरजा करायला तो फार छान आहे. पण मूळ माहिती आपण माहितीकोशात ठेवू (जिथे एका शेताची सगळी माहिती एकत्र बांधलेली असते आणि नाव एकटं उठून जाऊ शकत नाही). शिवाय रोज तारीख घालून एक प्रत. 'हीच वापरणे' असली नावं बंद. पुढच्या हंगामात तीनशे शेतं झाली, तरी एकही पेटी हरवणार नाही."

तिनं सगळी नावं जागेवर घातली आणि यादी पुन्हा बाराखडीप्रमाणे लावायला आजोबांनाच सांगितलं. पडद्यावर प्रश्न उमटला. आजोबांनी चष्मा चढवला आणि पंचवीस वर्षांत पहिल्यांदाच संगणकाचा प्रश्न शेवटपर्यंत वाचला.

"शेजारचे रकाने पण बरोबर हलवू का, असं विचारतोय," ते म्हणाले. "बिचारा चांगलंच विचारत होता की."

आणि त्यांनी हो म्हटलं.