पडद्याआडच्या बाई

ही गोष्ट मी लग्नघरी सांगत नाही. लोक हसतात. खुशाल हसा, पण त्या गाडीत मी बसलो होतो.

साल १९७४, वैशाख. सातारा ते म्हसवड.

माझा चुलतभाऊ मानसिंग नवरदेव. गोरज मुहूर्त, म्हणजे सूर्य बुडताना अक्षता. परवा त्याची पलटणीची रजा संपत होती. आजचा मुहूर्त हुकला की लग्न दिवाळीपलीकडं.

गाडी आमच्या गावच्या इनामदार लालासाहेबांची. त्यांच्या वडिलांच्या काळातली मोटार, पुसून-पुसून जपलेली. पितळी खुंट्या, सीटला लागून पिकदाणी, छताखालून घंटेची दोरी. मागं बायकांचा कप्पा, त्याला मखमली पडदा अन् वेगळं दार. तिथून दोरी एकदा ओढली की थांबायचं, दोनदा ओढली की निघायचं. देताना लालासाहेबांचा चेहरा असा, जणू लेकच देतायत.

"पडद्याला पुरुषानं हात लावायचा न्हाई," एवढं बजावलं.

बायका सकाळीच ट्रकनं गेल्या होत्या. पण चंद्राबाई आत्या आदल्या रात्री रुसलेली. "ट्रकात बसायची न्हाई मी," म्हणाली होती. पडदा ओढलेला बघून आम्ही समजलो, आत्या आत आहे.

कोरेगाव सुटलं आणि...

ठण्.

ड्रायव्हर आकारामनं गाडी उभी केली. मागचं दार उघडल्याचा आवाज आला. बराच वेळ काही नाही. मग दार लागलं. ठण्, ठण्. निघालो.

पुसेगावला तेच.

गोंदवल्याच्या अलीकडं, माळावर, पुन्हा तेच. तिथं झाडसुद्धा नव्हतं.

"आकाराम, हाण की रं गाडी," मी वैतागलो.

"दोनदा वाजल्याबिगर न्हाई. बाईमाणूस खाली राहिलं तर?"

ऊन कलायला लागलं. मानसिंगच्या मुंडावळ्या घामानं चिकटल्या. शेवटी तो पडद्यापाशी गेला. दात आवळून, पण गोड बोलला.

"आत्या, आता मधी नका उतरू. थेट लग्नघरात उतरा. समद्यांच्या आधी तुमचा मान."



मग... अगदी हळू... ठण्, ठण्.

त्यानंतर घंटा वाजली नाही. सूर्य टेकायच्या आत पोचलो.

मांडवाच्या तोंडाशी कमरेवर हात ठेवून चंद्राबाई आत्या उभी होती.

"आता येताय व्हय? मी सकाळधरनं हितं वाट बघतीया. त्या ट्रकानं हाडं खिळखिळी झाली."



तेवढ्यात गाडीच्या मागच्या दाराकडून नवरीची आई अंबूबाई आली. हातात रिकामा तांब्या.

"तुमच्या थोरल्या बाईंचं पाय धुतलं. आत बसवल्यात. लय गार पाय वो त्यांचं."

आतल्या खोलीत पाट ओला होता. माणूस नव्हतं.

अक्षता वेळेवर पडल्या. मानसिंग पलटणीत गेला, सुटला बिचारा.

मी सुटलो नाही. म्हसवडला गेलो की अंबूबाई चहा देते, दुसरा कप घेऊन आतल्या खोलीकडं जाते आणि जाता जाता विचारते,

"पाय धुऊन घेतलेलं माणूस वटी भरल्याबिगर कसं जाईल? तुमच्या बाईंस्नी न्यायला कवा येताय?"

न्यायचं म्हणजे ती गाडी पुन्हा त्या दारात लावायला हवी.

आणि तिच्यात बसायला आमच्यातला एकही माणूस तयार नाही.