एकच ओळ दिसायची

ही गोष्ट खरी आहे. विश्वास ठेवाच असा आग्रह नाही. माझ्या नवऱ्याचाही अर्धाच आहे.

इथे येणाऱ्या बहुतेक गोष्टी रात्रीच्या असतात. माझी भर दुपारची आहे. तिसऱ्या मजल्यावरची आमची मागची खोली, बाहेर लख्ख ऊन, खिडकीत वाळणारे लंगोट.

लेक तेव्हा सात महिन्यांची. गुबगुबीत, म्हणून तिला आम्ही भोपळी म्हणतो.

ती दुपारी झोपायची, तेवढाच माझा वेळ. त्यात मी पुस्तक लिहीत होते. माझं पहिलं. प्रकाशकबाईंनी सुरुवात वाचून "पुढचं पाठव गं, वाट बघतेय" म्हटलं होतं. त्या एका वाक्यावर मी जगत होते म्हणा ना.

पण लॅपटॉप उघडला की मन दहा ठिकाणी जायचं. मेसेज, बातम्या, लंगोटांच्या जाहिराती.

मग ताईनं तिच्या ऑफिसातला एक जुना लॅपटॉप आणून दिला.

"यात लिहिण्याचा प्रोग्रॅम आहे बघ. नुसतं काळं पान. आमच्याकडची एक बाई वापरायची, गेली नोकरी सोडून. तुझ्यासारख्या माकडाला बरा."

खरंच बरा होता. अख्खी स्क्रीन काळी. घड्याळ नाही, बटणं नाहीत. लिहीत असाल ती एकच ओळ दिसायची. वरच्या ओळी अंधारात विरून जायच्या. मागे जायची सोयच नव्हती. मागचं काही बदलायचं तर पुढचं सगळं खोडत खोडत जायचं.

"मागे बघूच नकोस, लिहीत सुट," ताई म्हणाली.

मी सुटले.

पाळण्याची दोरी पायाला बांधायची. पायानं झोका, हातानं लिहिणं. आणि तोंडाला एक चाळा लागला होता…

शू…

मूल झाल्यापासून मी सगळ्या घराला शू करायचे. करकरणाऱ्या दाराला, शिट्टी देणाऱ्या किटलीला, शिंकणाऱ्या नवऱ्याला. "उद्या पाहुण्यांनाही करशील," तो म्हणायचा.

पहिल्यांदा भिंतीवरचं घड्याळ गेलं.

त्याची टिकटिक फार कानात जायची, म्हणून शू केलं. सवयीनं. थोड्या वेळानं जाणवलं… टिकटिक नाही. वर पाहिलं. काटा फिरत होता. नीट, वेळेवर.

आवाज तेवढा नव्हता.

मग दार करकरायचं थांबलं. मला वाटलं, नवऱ्यानं तेल घातलं. त्याला वाटलं, मी.

मग किटली. पाणी आटून बूड काळं पडलं, तरी शिट्टी नाही.

आणि एका सुट्टीच्या दिवशी नवरा माझ्यामागे येऊन उभा राहिला. नाक वर, डोळे मिटलेले, तोंड उघडं… मी पटकन शू केलं.

तो शिंकला. अख्खा वाकून शिंकला.

खोलीत काहीच वाजलं नाही.

"मी शिंकलो ना आत्ता?"

"शिंकलास की."

"मग ऐकू का नाही आलं?"

"कानाला दडे बसले असतील."

"दोघांच्या?"

आम्ही हसत सुटलो. आमचं बघून भोपळीही हसायला लागली. दोन दात दाखवत, पोट हलवत, तोंडभर…

तिच्या हसण्याला आवाज नव्हता.

केव्हापासून नव्हता, ते दोघांनाही आठवेना. डॉक्टरांनी तपासलं. घसा स्वच्छ, कान ठीक. रडायची तर ठणठणीत. "हसेल हो, घाई काय आहे," डॉक्टर म्हणाले. दात येताहेत म्हणून असेल, मी स्वतःला सांगितलं. आईला असली कारणं पटकन सापडतात.

मग ती दुपार.

मी शेवटच्या प्रकरणात होते. पाळण्यात भोपळी कुरकुरली. मी न वळताच म्हटलं, "शू… शू… झोप गं राणी."

ती लगेच गप्प झाली. गुणाची माझी, म्हटलं, आणि लिहीत राहिले.

पायाला हिसका बसला.

मी झोका दिला.

पुन्हा हिसका… दोरी तडातडा ओढली जात होती.

मी वळून पाहिलं.

भोपळी रडत होती. चेहरा लालबुंद, मुठी आवळलेल्या, गालांवरून ओघळ. तोंड इतकं उघडं की पडजीभ दिसत होती.

आवाज नाही.

मी तिला उचलून छातीशी धरलं. तिचं अंग हुंदक्यांनी गदगदत होतं. कानाशी तिचा गरम श्वास लागत होता. बाकी काही नाही. माझ्या हाका मला ऐकू येत होत्या. ती नाही.

तेवढ्यात स्क्रीनकडे लक्ष गेलं. माझं अर्धवट वाक्य. आणि त्याच्यापुढे…

शू… शू…

ते मी लिहिलं नव्हतं.

मी एका हातानं खोडायला लागले. शेवटचं अक्षर गेलं आणि तिचं रडणं कानावर आदळलं. भर सुरात, मधूनच.

मी तिला उगी केलं, शू न म्हणता. किती अवघड असतं ते, करून बघा. ती उगी झाली, माझं नाक धरून हसली.

मुकी.

तेव्हा कळलं. तिचं हसू वर कुठेतरी होतं. माझ्या पुस्तकात. आणि मागे जायचा मार्ग एकच.

आधी दुसरीकडे उतरवून घेता आलं नसतं का, असं नवरा अजून विचारतो. आलं असतं कदाचित. माझ्या कडेवर लेक होती.

मी खोडायचं बटण दाबून धरलं.

ओळी दिसायच्या, जायच्या. महिन्यांचं काम. मध्येच पाठीमागे कोणीतरी शिंकलं… नवरा ऑफिसात होता. मग थंड शेगडीवरची रिकामी किटली शिट्टी मारून गेली. बंद दार करकरलं. टिकटिक सुरू झाली.

घड्याळ पहिलं गेलं, असं मी समजत होते. त्याच्याही आधी, अगदी पहिल्या पानावर, एक शू होतं. तेही गेलं आणि भोपळी माझ्या कानात खदखदून हसली.

मी रडायलाच लागले. बोट मात्र बटणावर तसंच राहिलं…

माझं लिहिलेलं संपलं होतं. खोडणं थांबलं नव्हतं.

एकच ओळ दिसते ना. त्यामुळे माझ्या आधीचं काही वर आहे, हे मला कधी कळलंच नव्हतं. दुसऱ्या कोणाचं तरी. ओळीच्या ओळी, नुसतं…

शू… शू… शू… शू…

आणि एक बाळ रडलं. घोगरं, दमलेलं.

माझं नव्हे. माझं कडेवर हसत होतं.

आवाज पाळण्यातून आला.

मी बोट उचललं.

संध्याकाळी ताईला फोन केला. "ती बाई होती ना, तिला मूल होतं?"

"असावं. टेबलावर फोटोची चौकट असायची, फोटो नव्हता बघ त्यात. एकदा विचारलं होतं मी, बाळ लिहू देतं का गं? म्हणाली, हो तर, आवाजसुद्धा नसतो त्याचा."

"मग आता कुठे असते ती?"

"कोणाला ठाऊक. का गं?"

"सहज," म्हणून मी फोन ठेवला.

लॅपटॉप त्या दिवसापासून कपाटात बंद आहे. पुस्तक मी पुन्हा लिहितेय, कागदावर, पेननं. भोपळी आता चालते, पलंगावर झोपते, हसते तर खालचे लोक वर बघतात.

"पाळणा काढू या का? अडगळ झालीय," नवरा म्हणतो.

राहू दे, मी म्हणते.

कारण दुपारी ते रडतं. मला ऐकू येतं. त्याला शू म्हणवत नाही. फार ऐकलंय त्यानं ते. मी फक्त दोरी पायाला बांधते आणि झोका देत लिहिते. आत्ताही देतेय. हळूहळू ते शांत होतं.

पाळण्यात कोणी नसतं. मी रोज हात फिरवून बघते.

पण दोरी जड लागते…

आणि गेल्या काही दिवसांत जास्तच.

ते वाढतंय.