दिघ्यांच्या फियाटचा रेडिओ

परीक्षकांनी डॅशबोर्डातला रेडिओ बाहेर ओढला, झाकण उघडलं आणि विचारलं, "व्हॉल्व्ह कुठे गेले?"

पांडुरंगराव दिघे काठी टेकत पुढे झाले. आत बल्बासारखे काचेचे पाच व्हॉल्व्ह असायला हवे होते. तिथे होती बोटभर रुंदीची हिरवी सर्किटची पट्टी, एफएम आणि मोबाइलवरची गाणी वाजवणारी. डबा जुना, बटणं जुनी, काटा जुना. आतलं सगळं लंपास. जुन्या गाड्यांच्या मेळ्यातून १९५८ ची ती फियाट तिथल्या तिथे बाद झाली. पांडुरंगरावांना मेळ्याचं सोयरसुतक नव्हतं. त्या रेडिओवर त्यांच्या पत्नीचा, कुमुदिनीचा, हात फिरला होता, आणि ती जाऊन दोन वर्षं झाली होती.

"बळवंत!" ते ओरडले. "तीन दिवस गाडी त्याच्याकडे होती. चोर आहे तो!"

शंभर माणसांनी ऐकलं. शेजारी त्यांचा मुलगा अंबरीश उभा होता.

दुपारपर्यंत बातमी टोपी बाजारात पोचली. बळवंत इंगळ्यांच्या दुकानातून दोन गिऱ्हाइकं आपापले रेडिओ उचलून चालती झाली. पंचेचाळीस वर्षं या माणसाने जुन्या गाड्यांचे रेडिओ बोलते केले होते. अब्रू कमवायला जन्म लागतो, घालवायला एक जिवलग मित्र पुरतो. आणि हे दोघे तर एका पाटीवर अक्षरं गिरवलेले.

चार वाजता सब-इन्स्पेक्टर शरयू महाडिक दुकानात आली. तक्रार पांडुरंगरावांची होती, म्हणून तिने दोघा दिघ्यांनाही तिथेच बोलावलं होतं.

"रेडिओ उघडलात का?" तिने बळवंतरावांना विचारलं.

"नाही, बाई. काम फक्त स्पीकरचं होतं. कागदी पडदा फाटला होता, तो बदलला."

"मग रेडिओ लावून बघितला असेल ना?"

"कशावर लावणार? गाडीत बॅटरीच नव्हती. अंबरीशने गाडी आणली आणि लगेच बॅटरी काढून नेली, चार्जिंगला म्हणून. मी स्पीकर या टेबलावरच्या यंत्रावर वाजवला आणि गाडीत बसवून दिला."

"गाडी ठेवली होती त्या मागच्या शेडची किल्ली कुणाकडे असते?"

"माझ्याकडे. एकच आहे."

हे सांगितलं नसतं तर चाललं असतं. पण खोटं बोलायची सवय नसली की माणूस असा स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतो.

शरयू पांडुरंगरावांकडे वळली. "काका, तुम्ही गाडीत शेवटचे कधी बसलात?"

"कुमुदिनी होती तेव्हा. दर रविवारी फुलबागेकडे जायचो. ती रेडिओ लावायची आणि म्हणायची, घाई करू नका, उठतोय तो झोपेतून. तोवर केसातला गजरा नीट करायची." त्यांनी काठी बळवंतरावांकडे रोखली. "आणि याने ते विकून खाल्लं."



अंबरीशचं ऑफिस सिटी सेंटरला होतं. तो घड्याळाकडे बघत बसला होता.

"मॅडम, साफ गोष्ट आहे. गाडी मी इथे आणली तेव्हा रेडिओ ठीकठाक होता."

"कशावरून?"

"मी स्वतः लावला ना! महाराज बाड्याच्या चौकात जॅममध्ये अटकलो, बोअर झालो. बटण फिरवलं की लगेच गाणं. एकदम फर्स्ट क्लास. स्पीकर थोडा फडफडत होता, बस. मतलब व्हॉल्व्ह तेव्हा आत होते. इथून गाडी सीधी मेळ्यात नेली. अब आप ही समझ लो."

"परत नेताना लावला होता?"

"टाइम कुठे होता?"

शरयूने टेबलावरच्या, झाकण काढलेल्या एका जुन्या मोटार-रेडिओकडे बोट दाखवलं. "हा चालतो? लावा बघू."

बळवंतरावांनी बटण फिरवलं. काहीच झालं नाही. शरयू मनगटावरच्या घड्याळाकडे बघत राहिली. आतून बारीक गुणगुण सुरू झाली. व्हॉल्व्ह हळूहळू लाल झाले. मग लांबून यावा तसा निवेदकाचा आवाज आला आणि जवळ येत गेला.

"बत्तीस सेकंद," ती म्हणाली.

पांडुरंगरावांच्या हातातली काठी खाली पडली. त्यांना कळलं होतं.

"व्हॉल्व्ह तापल्याशिवाय असा रेडिओ बोलत नाही," शरयू म्हणाली. "काकूंना ते माहीत होतं, म्हणून त्या गजरा नीट करत थांबायच्या. अंबरीश, तुमचा रेडिओ बाड्यापाशी लगेच वाजला. लगेच वाजते ती हिरवी पट्टी. म्हणजे गाडी टोपी बाजारात यायच्या आधीच ती आत होती. आणि बॅटरी तुम्ही काढून नेलीत, कारण रेडिओ एकदा जरी लावला असता, तरी बळवंतरावांनी तुमची चोरी पकडली असती. तुम्हाला फक्त गाडी तीन दिवस यांच्या कुलपात ठेवायची होती. व्हॉल्व्ह कुठे आहेत?"

अंबरीशने घड्याळावरची नजर काढली. "फ्लॅटवर. बुटांच्या खोक्यात." मग वडिलांकडे न बघता म्हणाला, "मोबाइल जोडायला गेलो, ट्रान्सफॉर्मर जळला. सगळं काढून पट्टी बसवली. तुम्ही गाडीत बसतच नव्हता, बाबा. फिर तुम्ही मेळ्याचा फॉर्म भरलात आणि कळलं की तिथे झाकण उघडतात. आईचा रेडिओ होता. मला तुम्ही कधी माफ केलं नसतं. वाटलं, बळवंतकाकांना कराल."

"शंभर माणसांसमोर मी त्याला चोर म्हटलं," पांडुरंगराव म्हणाले. "आणि तू शेजारी उभा होतास."

शरयूने वही मिटली. उद्या त्याच मेळ्याच्या मैदानावर येऊन सगळं खरं सांगायचं, असं तिने अंबरीशला बजावलं. त्याने मान हलवली.

पांडुरंगराव उठले आणि टेबलापाशी गेले. "बळवंता, चुकलो रे. बोलता होईल का तो?"

"होईल. ट्रान्सफॉर्मर नव्याने गुंडाळून देईन. वहिनींचा रेडिओ आहे." बळवंतरावांनी टेबलावरचा रेडिओ बंद केला. "त्या रेडिओसाठी तू दर रविवारी अर्धं मिनिट थांबायचास, पांडुरंगा. माझ्यासाठी तेवढंही थांबला नाहीस."

पांडुरंगरावांनी त्यांच्या खांद्याकडे हात नेला. बळवंतराव बाजूला सरकले आणि चष्मा पुसू लागले.

"आठ दिवसांत तयार होईल," ते म्हणाले. "न्यायला अंबरीशला पाठव. तू येऊ नकोस."