राजदूतची मागची सीट

खोटं वाटलं तर वाटू दे. पण हे मोरिवलीत घडलंय, १९८९ च्या दसऱ्याला, ऐन दिवेलागणीला. माझ्या सख्ख्या जयदेवमामाच्या बाबतीत. उमामामी अजून त्याच घरात राहते, जाऊन विचारा.

मामा तिथल्याच एका कारखान्यात फिटर होता. राजदूत मोटारसायकल म्हणजे त्याचा जीव की प्राण. मागच्या सीटवर कायमचा रघु, बुवापाड्याचा, त्याच्याच खात्यातला. किक मात्र रघुच मारायचा. आधी टाकीवर दोन टिचक्या, मग किक.

"मला पण शिकव की चालवायला," तो सारखा मागे लागायचा.

"दसऱ्याला शिकवतो," मामा म्हणायचा. पण हँडलला तो कुणाला हात लावू देत नसे. दसरे आले नि गेले.

मग ८९ च्या पावसाळ्यात बदलापूर रोडला गाडी घसरली...

रघु जागच्या जागी गेला. मामा वाचला, पण गुडघा ताठ झाला तो झालाच. डॉक्टर म्हणाले, आता गाडी विसरा.

दोस्तमंडळी आधी यायची, मग येईनाशी झाली. रघुची बायको सुंदराबाई तर रस्त्यात दिसली की मान फिरवायची. मामा दिवसभर अंगणात खुर्ची टाकून गाडीकडे बघत बसे. विकायचं नाव काढलं की जेवायचा नाही.

दसऱ्याला मामीने गाडी पुसली, झेंडूचा हार घातला, चाकापुढे लिंबू ठेवलं. पूजा झालेली गाडी जागेवर ठेवू नये म्हणतात. निदान लिंबावरून तरी जायला हवी.

"शेजारच्या सदूला सांगू का? एक राउंड मारून आणेल."

"कुणी हात लावला तर बघ!"

मामी गुपचूप सोनं वाटायला निघून गेली. गल्ली रिकामी झाली. मामाकडे आपट्याचं एक पानही घेऊन कुणी आलं नाही. त्याला रडू कोसळलं.

काठी टेकत तो गाडीपाशी गेला. पुढे बसायला ताठ पाय आड येत होता. म्हणून जन्मात पहिल्यांदा तो मागच्या सीटवर बसला. रघुच्या जागेवर.

"रघ्या, शिकवायला पाहिजे होतं रे तुला..."

वारा पडला होता. कुत्रंसुद्धा भुंकत नव्हतं.

आणि मग...

टक. टक.

पुढची सीट हळूच दबली. मामाने डोळे गच्च मिटले. त्यापुढचं त्याला काही आठवत नाही.

मामी परतली तेव्हा गाडी स्टँडवरच होती. मामा मागच्या सीटवरच होता.

पण लिंबू चिरडलेलं होतं...

मामीचा हात सायलेन्सरला लागला नि ती किंचाळली. चटका बसला होता. टाकीत तर अपघातापासून पेट्रोलचा थेंब नव्हता!

दुसऱ्या दिवशी सकाळी दारात सुंदराबाई उभी. अपघातानंतर पहिल्यांदाच.

"भावोजी, काल सांजच्याला तुमी आमच्या दारासमोरून गेलात. हात केला तरी थांबला नाय. तुमी मागं बसला होता. पुढं कोण होतं?"

मामाने हळूच विचारलं, "तोंड दिसलं?"

"नाय. पण नवशिका होता. गाडी नुसती डगमगत होती."

तिचे डोळे भरून आले. मुठीतलं आपट्याचं पान तिने मामाच्या हातावर ठेवलं. त्या दसऱ्याला त्याला मिळालेलं ते एकच सोनं.

गाडी अजून अंगणात आहे. दर दसऱ्याला मामी चाकापुढे लिंबू ठेवते नि दार लावून देवापाशी बसते. बाहेर टिचक्या वाजतात, किक वाजते. मग दार उघडलं की अंगणात ना गाडी असते, ना मामा. थोड्या वेळाने दोघं जागेवर.

पण दर वर्षी परत यायला जास्त वेळ लागतोय. यंदा तर मामीने आशाच सोडली होती. मला ती आठवणही नको वाटते, कारण या वेळी मीही तिच्याजवळ बसलो होतो.

मामा मात्र हसत होता.

"आता चांगला हात बसलाय त्याचा," म्हणाला. "पुढच्या वर्षी लांब जाऊ म्हणतोय."